आग्नेयेची मर्यादा

"मर्यादा मोठ्यानं बोला बाई. मनातल्या मनात घेतलेली मर्यादा पुढं रबरासारखी ताणते."

बारा वर्षांपूर्वी माताजींनी मला असं सांगितलं होतं. त्या जैन साध्वी, आणि त्या वर्षी त्यांचा चातुर्मास आमच्या गावात होता. गाव वारणेच्या काठी, सांगलीपासून बारा-तेरा किलोमीटर. जैन मंदिराला आमच्याकडं बस्ती म्हणतात. त्या बस्तीच्या मंडपात मी पांढरं लुगडं नेसून हात जोडून बसले होते. समोर पाटावर माताजी, मांडीवर मोरपिसांची पिंछी. मी दिग्व्रत घेत होते. हे व्रत जन्मभराचं असतं. दाही दिशांना आपण कुठवर जायचं ते ठरवायचं आणि मरेपर्यंत त्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. फिरणं कमी झालं की हातून होणारी हिंसा कमी होते, हावही कमी होते.

मी मोठ्यानं बोलले. पूर्वेला शिखरजी. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला हस्तिनापूर. दक्षिणेला श्रवणबेळगोळ. आग्नेयेला तमिळनाडूतला पोन्नूरचा डोंगर. अशा आठ दिशा झाल्या. मग वर आणि खाली. वर शिखरजीच्या पहाडाच्या टोकाइतकं. खाली आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळाइतकं.

खालचं ऐकून बायका हसल्या. "काकू आता विहिरीत उतरत्यात की काय!" असं कोणीतरी म्हणालंही. माताजीही किंचित हसल्या. मी हसले नाही.

माझा मुलगा जिनेंद्र मेलबर्नला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

यंदा आषाढात एका सकाळी सहा वाजता फोन वाजला. मी पाणी गाळत होते. घागरीच्या तोंडाला कापड लावलं होतं आणि निम्मी घागर व्हायची होती. सुनेचा, प्राचीचा फोन होता. तिकडं साडेदहा वाजले होते. ती म्हणाली, "आई, जिनेंद्र गेला." कामाला जाताना ट्रामच्या थांब्यावर तो खाली बसला तो उठलाच नाही. वय एकोणचाळीस.

मी फोन ह्यांच्या हातात दिला. उरलेलं पाणी गाळलं. कापडात राहिलेले जीव परत आडात सोडायचे असतात, ते सोडून आले. मग घरात येऊन खाली बसले.

रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. बस्तीत जाते, जप करते, सूर्य मावळायच्या आत जेवते. जेवणाला चव असते की नसते ते कळत नाही. गावात भेटेल तो हात जोडून "जय जिनेंद्र" म्हणतो. आमचा रामराम तोच. दिवसातून वीस वेळा त्याचं नाव कानावर येतं आणि मीही हात जोडून तेच म्हणते.

दहन तिकडंच झालं. ते आम्ही मोबाइलवर पाहिलं. एक पेटी आत सरकली, एक पडदा बंद झाला. संपल्यावर फोन अकरा मिनिटं दाखवत होता.

त्याच दिवशी संध्याकाळी प्राचीनं परत फोन केला. तिला सातवा महिना होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. तिची आई ती कॉलेजात असतानाच वारली, वडील पाटणला मोठ्या भावाकडं असतात, त्यांना दिसत नाही. डॉक्टरांनी तिला विमानात बसायला बंदी केलेली. ती म्हणाली, "आई, तुम्ही याल? सप्टेंबरची वीस तारीख दिलीय."

मी म्हणाले, "येईन."

मर्यादा मी विसरले नव्हते. सकाळच्या जपानंतर मी रोज दाही दिशा म्हणते, त्या दिवशीही म्हटल्या होत्या. तरी तोंडातून शब्द गेला. खरं बोलण्याचं व्रत तर मला दिग्व्रताच्याही आधीपासून आहे. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आमची चूल आग्नेयेला आहे. त्या कोपऱ्यात मी थोडा वेळ उभी राहिले आणि मग दूध तापवलं.

माझे यजमान महावीर, गावात त्यांना अण्णा म्हणतात. चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केटात हळदीचा व्यापार केला. हळदीच्या धुळीनं छाती गेली. चार पायऱ्या चढले की वाफ घ्यावी लागते. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, विमानाचं नाव काढायचं नाही. म्हणजे जायचं तर मी एकटीनंच.

"आणि मी जाऊन तरी काय करणार हुतो?" ते म्हणाले. "बाळंतिणीला न्हाऊ घालू?"

पासपोर्ट आमचे दोघांचे होते. जिनेंद्रनंच कधीतरी सुट्टीत येऊन करून घेतले होते. सांगलीच्या बाळासोनं व्हिसाचे कागद भरले. त्याचं तिकिटांचं ऑफिस आहे. मी सही केली. सही करणं म्हणजे जाणं नव्हे, असं स्वतःला सांगितलं. तीन आठवड्यांत व्हिसा आला आणि बाळासोनं तिकीट धरून ठेवलं. सोमवारपर्यंत सांगा म्हणाला.

आता घरी रोज कोणी ना कोणी माझी वाट मोकळी करायला यायचं.

सुरुवात ह्यांनीच केली. मोबाइलवर बघून म्हणाले, "उत्तरेला तू हस्तिनापूर ठेवलंयस. आता या वयात तिकडं कोण जातंय? ती दिशा तोड. तेवढे किलोमीटर आग्नेयेला लाव."

"त्याला क्षेत्रवृद्धी म्हणत्यात," मी म्हणाले. "एका दिशेचं काढून दुसरीला जोडायचं न्हाई. तो अतिचार हाय, व्रताला दोष लागतो."

"बरं. आणि लावले तरी पुरत न्हाईत," ते म्हणाले आणि खोकत बसले.

बाळासो फोनवर म्हणाला, "काकू, तुमी कुठं चालताय? तुमी बसणार. अंतर विमान कापतंय. तुमचं पाऊल मुंबईत उठलं की थेट मेलबर्नात पडलं. मधलं तुमच्या नावावर न्हाईच."

"आणि मेलबर्न कुणाच्या नावावर?" मी विचारलं. तो म्हणाला, "तिकीट सोमवारपतोरच हाय बघा काकू."

शेजारच्या शालूबाईचा मुलगा वीरधवल फौजेत आहे, अरुणाचलला. ती कधीही हळू बोलत नाही. ओट्यावर बसून म्हणाली, "आवं काकू, देवाकडं काय टेप हाय व्हय मोजायला? माझा वीरू तिकडं डोंगरावर उभा हाय, त्येला कुठली दिशा अन् कुठलं काय? सून पोटुशी, नवरा गेलेला, अन् तुमी पूर्व-पश्चिम करत बसलाय."

"मी शब्द दिलाय, शालू."

"कुणाला? सुनेला का देवाला?"

"दोघांना."

"मग एकाचा मोडणार. त्यात काय पंचांग बघायचंय?" ती उठली, पदर झटकला आणि जाता जाता म्हणाली, "सुनेला फोन करून न्हाई म्हणून सांगा की मग. ताटकळत तर बसणार न्हाई ती."

ते मला होत नव्हतं. दोनदा फोन उचलला. दोन्ही वेळा प्राचीनं "आई" म्हटलं आणि मी विचारलं, जेवलीस का.

शुक्रवारी दुपारी प्राचीनं एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: "जिनेंद्रच्या ड्रॉवरमध्ये सापडलं. तुमचं आहे." आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अक्षर त्याचंच, शाळेतल्यासारखं उभं. वर तारीख होती, दीड वर्षापूर्वीची. मुंबईहून सरळ विमान मिळायला लागलं तेव्हाची असावी. मी चष्मा लावून वाचलं.

"आईचा प्रवास. मुंबई ते मेलबर्न, सरळ विमान. ९,८०० कि.मी. साडेबारा तास. मार्चमध्ये.

दुपारी दोनला सुटणारं घ्यायचं. जेवण विमानतळावर, घरचं. सव्वापाचला शेवटचं पाणी. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळेल. जागा उजव्या खिडकीची, म्हणजे मावळताना तिला स्वतःला दिसेल, कोणाला विचारायला नको.

आपण सूर्याच्या समोर जातो. रात्र आठच तासांची. घरी बारा तासांची असते. आईचा चार तास उपास वाचला!

उतरल्यावर सूर्योदयानंतर दोन घटिका मोजून पाणी. गाळायचं कापड प्राचीकडं आहे. उंची अकरा किलोमीटर. कानाला दडे बसतील, सांगायचं."

सगळ्यात खाली, थोडं अंतर सोडून, एक ओळ होती.

"दिशांचं काय? हे आईला विचारायचं नाही. तिनं विचार करूनच घेतलं असेल."

मी फोटो ह्यांना दाखवला. त्यांनी वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. मी तांदूळ निवडायला घेतले. एकही खडा निघाला नाही, तरी परत एकदा निवडले.

शनिवारी सकाळी मी शालूबाईला म्हणाले, "फलटणला येतेस काय? माताजी तिथं हायत यंदा."

विट्याहून दहिवडीवरून जाणारी एसटी मिळाली. विट्यापुढं ऊस संपला. माणच्या माळावर मेंढ्या चरत होत्या. शालूबाई खिडकीशी बसून येईल त्या गावाची माहिती सांगत होती. कुठं तिची चुलत नणंद दिली होती, कुठं वीरूला मुलगी बघायला गेले होते आणि चहा थंड मिळाला होता. मी ऐकत होते. बरं वाटत होतं असं नाही, पण तिचा आवाज चालू होता तोवर कागदावरची शेवटची ओळ ऐकू येत नव्हती.

माताजी आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी गाडीत पाय ठेवलेला नाही. सगळा मुलूख पायी. त्या भिंतीला न टेकता बसल्या होत्या. मी वंदामि म्हणून खाली वाकले. शालूबाईनंही माझं बघून केलं.

"वारणेकाठची ना तू?" त्या म्हणाल्या. "मुलगा गेल्याचं कळलं."

"व्हय माताजी."

मग मी सगळं सांगितलं. प्राचीचं, तारखेचं, माझ्या शब्दाचं.

"किती लांब आहे?"

"नऊ हजार आठशे किलोमीटर."

"म्हणजे किती दिवसांचा विहार?"

हिशेब त्या दिवसांत मला पटकन यायचे. बाकी काही येत नव्हतं. "दिवसाला वीस धरले तर चारशे नव्वद दिवस. पण पायी जाता येत न्हाई. मधे समुद्र हाय."

"आणि विमानानं?"

"साडेबारा तास."

"वाटेत कुठं उतरता येतं?"

"न्हाई."

"मग लांबच आहे," माताजी म्हणाल्या.

मी त्यांना लोकांच्या वाटा सांगितल्या. उत्तरेचं आग्नेयेला लावायची. विमानात पाऊल पडत नाही ती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तू काय म्हणतेस?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शालूबाई शेजारी होती, तरी सांगितलं.

"माताजी, मी व्रत रागानं घेतलं. एकुलता एक मुलगा. जाऊ नको म्हणाले, तर म्हणाला दोन वर्षंच. मग नोकरी पक्की झाली म्हणाला. रोज फोन करायचा, आई तू ये, तिकीट काढतो. मला वाटलं, मी गेले तर ते कायमचं होईल. मी इथंच राहिले तर तो येईल परत. म्हणून कुंपण घातलं. अहिंसेचं नाव घेतलं, पण मनात तेच होतं. आग्नेयेला पोन्नूर ठेवलं ते मेलबर्न कुठल्या दिशेला हाय ते नकाशात बघून."

शालूबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"त्यानं कधी विचारलं?" माताजींनी विचारलं.

"न्हाई. दर दोन वर्षांनी यायचा. व्रत घेतल्याचं कळल्यावर ये म्हणायचंच सोडलं त्यानं. तो समजला, मी विचार करून घेतलं."

माताजींनी पिंछीच्या पिसांवरून बोट फिरवलं. बाहेर कोणीतरी चिंचेच्या झाडाखाली पानं गोळा करत होतं, त्याचा आवाज येत होता.

"रागानं घेतलेलं व्रतही व्रतच असतं, बाई," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं पाळलंस. ते काही खोटं नव्हतं."

"मग जाऊ नको?"

"मी जा म्हणणार नाही. माझ्या तोंडून ते निघायचं नाही. नको असंही म्हणत नाही. व्रत तू धरलं आहेस, मी नाही. पण एक ऐक. गेलीस तर व्रत मोडून जा. मोडलंच नाही अशी सोय लावून जाऊ नकोस. ते जास्त वाईट."

"प्रायश्चित्त द्या मला."

"परत ये, मग देईन."

"आत्ता द्या ना माताजी. मोठं द्या. वर्षभराचे एकांतर उपास द्या, मी करते. तुमी..."

"मी नसले तर दुसऱ्या कोणी असतील," त्या म्हणाल्या. "आधी घेतलेलं प्रायश्चित्त म्हणजे परवाना होतो. दोष केल्याशिवाय कसलं प्रायश्चित्त? ओझं घेऊनच जावं लागेल तुला."

त्यांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला. आम्ही बाहेर आलो.

स्टँडवर शालूबाई म्हणाली, "एवढ्या लांब आलो, व्हय बी न्हाई अन् न्हाई बी न्हाई. आमच्या सरपंचागत झालं की हे." दहिवडीला तिनं दोन केळी घेतली आणि एक माझ्या हातात दिलं. "खावा. दिवस हाय अजून."

घरी आल्यावर मी ह्यांनाही सांगितलं, व्रत कशासाठी घेतलं होतं ते. ते वाफेचं नळकांडं तोंडाला लावून बसले होते. ते बाजूला केलं आणि म्हणाले, "मला ठाऊक हुतं."

"मग तवाच बोलला का न्हाईत?"

"मंडपात सगळा गाव बसला हुता. तू एकेक दिशा खणखणीत म्हणत हुतीस. मी काय उठून सांगू, ही मुलावर रुसलीय म्हणून?" जरा दम घेऊन ते म्हणाले, "आणि मलाबी वाटलं हुतं, येईल परत."

रविवारी मी बाळासोला फोन केला. "काढ तिकीट," म्हणाले. "जागा उजव्या खिडकीची."

त्यानं काय न्यायचं नाही त्याची यादी सांगितली. बिया नाहीत, दूध-तूप नाही, पालेभाजीचं वाळवण नाही. मी अळीव भाजून ठेवले होते, डिंकाचे लाडू केले होते. ते सगळं डब्यातून काढून शालूबाईकडं दिलं. बॅगेत चार लुगडी, एक शाल, जपमाळ, जुन्या धोतराची धुऊन मऊ केलेली बाळुती आणि औषधं एवढंच राहिलं. बॅग हलकी झाली म्हणून ह्यांनी दोनदा उचलून बघितली.

निघायच्या दिवशी पहाटे अंघोळ करून बस्तीत गेले. अभिषेक पाहिला. घरी येऊन जप केला. दिशा म्हणायची वेळ आली तेव्हा मी थांबले. एकही दिशा म्हटली नाही. माळ गुंडाळून पिशवीत ठेवली.

दिराचा मुलगा यशराज पुण्याहून गाडी घेऊन आला होता. आज त्याच्याकडं मुक्काम, उद्या मुंबई, दुपारी दोनचं विमान. मी ह्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर उचलला नाही.

"वाफेचं औषध दोन वेळा," मी म्हणाले. "शालू जेवण आणून देईल. अंधार पडायच्या आत जेवत जावा."

"व्हय."

"मी न्हाई म्हणून चालढकल करू नका."

"व्हय म्हणतोय न्हवं."

प्राचीचा फोन आला. तिकडं जेवायची वेळ होत आली होती. "आई, मी परवा घ्यायला येते विमानतळावर."

"तू येऊ नको. पोट घेऊन एवढी दगदग करायची न्हाई. पत्ता लिहून घेतलाय. मोठ्या अक्षरात."

"आई," ती म्हणाली, "तुमचं व्रत?"

तिलाही माहीत होतं. त्यानं सांगितलं असणार.

"ते मी मोडून येतेय," मी म्हणाले. "तू जेव आता."

फोन ठेवला. ओट्यावर चपला होत्या, त्या घातल्या. गल्लीत अजून वर्दळ नव्हती. शालूबाई तिच्या दारात उभी होती. एरवी चार घरं ऐकतील अशी हाक मारणारी बाई, तिनं नुसती मान हलवली. यशराजनं पुढचं दार उघडून धरलं, मी मागच्या सीटवर बसले.

"काकी, सगळं घेतलं?"

"घेतलं. चल," मी म्हणाले.